चपला बघून विचारायचं

ऑफिसात त्याला सगळे ‘थांबाराव’ म्हणत, कारण त्याचं कुठलंही वाक्य ‘थांबा’पासून सुरू व्हायचं. स्वभावच तसा. कुणाला घाईनं निरोप देणं त्याला जमत नसे, आणि त्याच्या कोडलाही.

कंपनी दवाखान्यांसाठी सोनोग्राफीची मशीनं बनवी. थांबाराव त्या मशीनच्या कर्नलवर काम करी. कर्नल म्हणजे वरचे प्रोग्राम आणि खालचं सामान यांच्यामधला कारभारी. मशीन चालू असतानाच डॉक्टरांना एक प्रोब, म्हणजे पेशंटच्या पोटावर फिरवायचा तो दांडा, काढून दुसरा लावता यावा, हे थांबारावचं दोन वर्षांचं स्वप्न. त्यानं पद्धतही मोठी सभ्य ठेवली होती: प्रोब निघताना कर्नल त्याला विचारणार, “काही द्यायचं राहिलंय का?” आणि उत्तर येईपर्यंत वाट बघणार.

लॅबमध्ये हे झकास चाले, कारण तिथं प्रत्येक जण आधी ‘काढू का?’चं बटण दाबी. विभागप्रमुख मॅडमनी मात्र शुक्रवारी बटणाकडे न बघता प्रोब हिसकून काढला. मशीन जागच्या जागी गोठलं.

“मॅडम, आधी बटण...”

“पेशंट टेबलावर असताना डॉक्टर तुमचं बटण शोधत बसणार? सोमवारी पुन्हा बघते. नाही जमलं तर ही सोय काढून टाकायची. बंद करा, बदला, चालू करा. विषय संपला.”

रविवारी सकाळी थांबारावनं गॅसवर चहा ठेवला, डोक्यात प्रोब. “साखर घालू का गं?” त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं आणि चमचा हातात धरून उभा राहिला. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा उभा. चहा उतू जाऊन शेगडीभर झाला, तेव्हा दार उघडून बायको आत आली, हातात ब्रेड.

“कुणाची वाट बघतोयस?”

“तुझीच. साखर...”

“अरे शहाण्या, मी घरातच नव्हते! दारात चपला नाहीत एवढं तरी बघायचं, मग विचारायचं!”

थांबारावनं चमचा खाली ठेवला. “थांब,” तो म्हणाला, “परत सांग.”

“शेगडी पूस आधी.”

शेगडी बायकोनंच पुसली. तो लॅपटॉपसमोर जाऊन बसला होता. प्रोबला काही विचारायच्या आधी कर्नलनं तो जिथं खोचतात ते सॉकेट बघायचं. रिकामं असेल तर विचारणं बंद. वाट बघत बसलेल्या प्रोग्रामांना ‘तो गेला’ असं सांगून मोकळं करायचं, आणि शेवटच्या प्रोग्रामनं हात सोडला की मगच प्रोबची मेमरीतली जागा आवरायची.

सोमवारी मॅडमनी प्रोब हिसकला. पडद्यावर ‘प्रोब काढला आहे’ अशी ओळ आली, शेवटचं चित्र शाबूत राहिलं. त्यांनी दुसरा लावला, चालू. मग त्यांना चेवच चढला. खेळणं मिळाल्यासारखं काढ-घाल, काढ-घाल. एकदा चित्र जरा अडखळलं, थांबारावचा श्वासही.

“हे अडखळणं बघा,” मॅडम म्हणाल्या. “बाकी ठेवू या.”

संध्याकाळी तो घरी आला. दारात चपला होत्या. “चहा टाकू का गं?” त्यानं ओरडून विचारलं. उत्तर नाही. बायको फोनवर बोलत असावी.

तो दाराशी टेकून निवांत उभा राहिला. आज थांबायला हरकत नव्हती.

“विचारतोस काय?” आतून आवाज आला. “टाक की! आणि तिथंच उभा राहा, शेगडीजवळ!”