थांबाराव आणि अकरा वर्षं उभी राहिलेली गाडी

मला थांबायला सांगणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, तेव्हा तास संपायच्या आत फळा भरून, पुसून, दाराशी पोचणारी बाई म्हणून माझा लौकिक होता. आता बहात्तर पूर्ण झाली आहेत आणि घाई कमी झालेली नाही. वेळ मात्र कमी झालाय. त्यामुळे ज्या माणसाचं टोपणनावच ‘थांबाराव’ आहे, त्याच्याविषयी कौतुकानं लिहायला मी बसेन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

सगळं सुरू झालं माझ्या ताईमुळे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. टेकडीवरच्या घरात एकटी राहायची आणि मधमाश्यांच्या अकरा पेट्या सांभाळायची. एका सकाळी पेटीचं झाकण उचलताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिच्या घरापर्यंत धड रस्ता नाही. साधी गाडी खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाते. पुढे तीन वळणांचा सुट्या दगडांचा चढ. ताईला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणली. त्या चौघांत तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा होता. ती अर्धी वाट ओरडत होती, आणि हा अर्धी वाट रडत होता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ताई माझ्या फ्लॅटमध्ये आली आणि वॉकर घेऊन खोलीभर फिरू लागली. डॉक्टर म्हणाले, “कुठेही राहू दे त्यांना. फक्त दर गुरुवारी व्यायामासाठी इथे आणायचं, निदान वर्षभर.” ताईचा चेहरा उजळला. भाच्याचा पडला.

“मावशी, दर गुरुवारी खुर्चीतून आणायची का तिला?” तो म्हणाला. “घर विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे.”

“माझ्या पेट्या कोण बघणार?” ताई.

“आई, माश्यांना पंख आहेत. तुला नाहीत.”

भाचा वाईट नाही. घाबरट आहे, आणि त्याचा आईवर फार जीव आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस हट्टी होतो.  ताई खिडकीशी जाऊन बसली आणि समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. पुढचे चार दिवस ती तिथेच होती. पाचव्या दिवशी मी भाच्याला फोन लावला.

“चारही चाकं ओढणारी गाडी घेते. मी चालवते.”

“मावशी, तू!”

“मीच. चाळीस वर्षं गाडी चालवतेय. तुझ्यासारखा रिव्हर्स घेताना घाम फुटत नाही मला.”

शेवटी ठरलं ते असं: महिनाअखेरीच्या रविवारी मी भाच्याच्या डोळ्यांदेखत गाडी चढवून दाखवायची. चढली तर ताई घरी. नाही चढली तर घर विकायचं, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. ताईनंही मान डोलावली. तिचं सगळं उरलेलं आयुष्य माझ्या हातातल्या स्टिअरिंगवर टांगलं गेलं, आणि हे तिला, मला, दोघींनाही पक्कं कळत होतं.

गाडी मिळाली जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे. तीस वर्षांपूर्वीची, गर्द हिरवी, चौकोनी, खोकं दिसावं तशी. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती चालवणं सोडलं, पण विकवेना. अकरा वर्षं ती गॅरेजमध्ये सुती चादरीखाली उभी होती. दर रविवारी ते इंजिन सुरू करून दहा मिनिटं शेजारी उभे राहत आणि मग बंद करत. पत्र्यावर ओरखडा नाही, काचा लखलखीत, आरशावर अजून कंपनीचा कागद. चावी देताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हिला चढ आवडतो.” मी हो हो म्हणत चावी घेतली. मनात म्हटलं, झालं काम, उद्याच चढवते.

भाच्याच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, आधी थांबारावांना दाखवा. त्यांची शेड गावाबाहेरच्या रस्त्याला, लाकडाच्या वखारीला लागून. साठीचा बारीक माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, आणि अशाच गाड्या दुरुस्त केल्या. शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांची बायको शिवणयंत्रावर गाड्यांच्या सीटा आणि ताडपत्रीचे टप शिवायची. नवरा दिवसाला वीस वाक्यं बोलत असेल, तर उरलेली सगळी ती बोलायची.

“छान आहे ना?” मी विचारलं.

“थांबा,” ते म्हणाले, आणि गाडीखाली गेले. वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. मी घड्याळ बघत होते. बायको मला बघून हसत होती.

“अहो बाई, बसा. आमचं लग्न ठरलं तेव्हा हो म्हणायला यांनी सात आठवडे घेतले होते.”

ते बाहेर आले. “छान ठेवलीय.”

“म्हणजे चालेल.”

“ठेवलीय म्हणालो, बाई. चालेल असं कुठे म्हणालो?”

मग एकेक दाखवायला लागले. टायरची नक्षी नव्यासारखी खोल, पण बाजूला बोट लावलं तर भेगा. “नक्षी बघू नका, वय बघा,” आणि टायरवर कोरलेलं साल दाखवलं. ब्रेकच्या रबरी नळ्या वाकवल्या तर काडीसारख्या कडकडल्या. टाकीत आतून गंज. इंजिन मात्र ठणठणीत. डॉक्टरांचे रविवार फुकट गेले नव्हते. पण इंजिन दहा मिनिटं घुमायचं तेव्हा चाकं जागची हलत नव्हती, त्यामुळे चाकांकडचं सगळं आखडून बसलेलं.

“किती दिवस?”

“थांबा, उघडू दे.”

तीन आठवडे लागले. मी रोज जायचे आणि रोज भांडायचे. त्यांची पद्धत अशी की काढलेला प्रत्येक नट ज्या भोकातला, त्याच भोकाचा आकडा लिहिलेल्या डबीत जायचा. जे बिघडलेलं नाही ते उघडायचं नाही. आणि एका चाकाचं काम पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चाक बसवलं की नट पान्यानं आवळायचे, खडूनं खूण करायची, चहा प्यायचा, आणि परत येऊन प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावून बघायचा.

“आत्ताच आवळलेत ना!” मी एकदा चिडून म्हणाले.  ते बाहेर गेल्यावर बायकोनं शिवणयंत्र थांबवलं. ती थांबली, म्हणजे काहीतरी गंभीर.

“बाई, खात्यात असताना एक साहेब घाईत होते. यांनी चाक बसवलं, नट हातानं फिरवले, आणि पाना लावायच्या आत साहेबांनी हाक मारली. हे गेले. गाडी निघाली. चालवायला माझा सख्खा भाऊ. उतारावर चाक निघालं. दादा वाचला, पण पायानं अधू झाला.” तिनं सुईतला दोरा तोडला. “चौकशी झाली तेव्हा दादानं साहेबांना सांगितलं, निघण्यापूर्वी चाक बघणं माझं काम, ते मी केलं नाही. यांची नोकरी राहिली. त्या दिवसापासून हे ‘थांबा’ म्हणतात. लोक हसतात. हसू देत.”

मी हसले नाही. त्यानंतर भांडणंही कमी केली, म्हणजे माझ्या मानानं.

बायको एकदा माझ्या घरी आली, टेप घेऊन. ताईला उभी केली, बसवली, पाय किती उचलता येतो ते मोजलं. तिनं ताईच्या बाजूची सीट टणक आणि उंच करून शिवली, आणि थांबारावांनी खाली एक रुंद पायरी जोडली. हे दोन्ही मी सांगितलेलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

शेवटचा आठवडा माझ्या शिकवणीचा. शेडच्या अंगणात सगळ्यात खालच्या गिअरमध्ये गाडी चालवायची, आणि पुढे बायको, ताई समजून एक उशी कडेवर घेऊन, चालणार. तिच्यापेक्षा वेगात जायचं नाही.

“अहो बाई, टाचेला लागतंय की काय!” ती वळून ओरडायची.

“तुम्ही भरभर चाला ना!”

“मी लग्नासाठी सात आठवडे थांबलेली बाई आहे, मला घाई नाही!”

आणि पुढच्या चाकांचा धडा. या जुन्या गाड्यांत चारही चाकं जोडायला आतली दांडी ओढून भागत नाही. दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती असते. खाली उतरून ती हातानं फिरवली की ते चाक इंजिनाशी जोडलं जातं. नाही फिरवली, तर दांडी ओढा नाहीतर उपटून काढा, ओढणार मागचीच दोन. थांबारावांनी चकतीवर लाल ठिपका काढून दिला. ठिपका वर, म्हणजे चाक जोडलेलं. खाली, म्हणजे मोकळं.

“मोरीपाशी थांबायचं, उतरायचं, दोन्ही ठिपके वर. मग दांडी.”

“हो, कळलं.”

“परत सांगा.”

“अहो, मी गणित शिकवलंय!”

“म्हणूनच. परत सांगा.”

मी परत सांगितलं. तीनदा.

रविवार आला. भाचा ताईला आपल्या गाडीत घेऊन मोरीपाशी आधीच पोचला होता. थांबाराव स्कूटरवरून येणार होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत थांबा. दहा मिनिटं झाली. भाचा घड्याळ बघायला लागला. “मावशी, नको तर राहू दे, मनावर घेऊ नकोस,” तो म्हणाला. झालं. माझं डोकं फिरलं. मी दांडी खाडकन ओढली आणि निघाले.

पहिलं वळण झकास. दुसऱ्या वळणावर मागची चाकं जागीच गरगरली, दगड तोफगोळ्यांसारखे मागे उडाले, आणि गाडी हळूच मागे घसरायला लागली. मी ब्रेकवर उभी राहिले. कडेच्या बांधाला टेकून ती थांबली. खाली भाच्याच्या गाडीच्या काचेमागे ताईचा चेहरा दिसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. वर, घराकडे बघत होती.

भाचा धावत वर आला. “उतर, मावशी! आधी उतर! बघितलंस? आई यात असती तर?”

मागोमाग थांबाराव आले, चालत, नेहमीच्याच चालीनं. त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले. मग पुढे येऊन चाकाकडे पाहिलं. ठिपका खाली. पलीकडे गेले. तिथेही खाली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. ठिपके वर करायला मी मोरीपाशी उतरलेच नव्हते.

भाचा बोलतच होता. थांबाराव त्याला म्हणाले, “थांबा. चूक माझी. पुढची चाकं जोडून द्यायची माझ्याकडून राहिली. बाईंचा दोष नाही.”

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. खरं बोलले असते तर भाच्यानं तिथेच निकाल दिला असता, आणि निकाल ताईचा लागला असता. मी गप्प राहिले. माझ्या ओळखीतलं कोणीही यावर विश्वास ठेवणार नाही.

त्यांनी चकत्या स्वतः फिरवल्या नाहीत. नुसतं बोट दाखवलं. मी उतरले आणि दोन्ही फिरवल्या.  मग ते गाडीपुढे जाऊन उभे राहिले, पाठ करून, आणि चढ चालायला लागले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी त्यांच्यामागे, त्यांच्या पावलानं. दगड चाकाखाली करकरले, पण एकही उडाला नाही. तिसरं वळण कधी आलं, कधी गेलं, कळलंही नाही. वरच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा मधमाश्यांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा वाटला.

भाच्यानं स्वतः दुसरी खेप मागितली. ताईला घेऊन. ताई पायरीवर पाय ठेवून, कुणाचा हात न धरता सीटवर बसली, आणि म्हणाली, “चल ग. पण सावकाश.”

नंतर मी थांबारावांना शेडमध्ये गाठलं. “खोटं का बोललात?”

“चाकं जोडायची राहिली होती, हे खरं की नाही?” त्यांनी डबीतले नट पुसत विचारलं. “मग झालं तर.”

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून शिवत होती. आम्हा दोघींच्या मनात एकच माणूस होता, पायानं अधू झालेला.

याला दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष उलटलं, तरी दर गुरुवारी आम्ही खाली येतो. आता व्यायामापेक्षा ताईला मध विकायचा असतो म्हणून. परतताना मोरीपाशी मी उतरते. ताई सीटवरून विचारते, “डावं झालं? उजवं?” आणि उत्तर मिळाल्याशिवाय दार लावू देत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनाही एकदा वर नेलं. त्यांना दिसत होतं कमीच, पण दुसऱ्या वळणावर म्हणाले, “आता कशी सुखात चाललीय.”

हे लिहून झाल्यावर मी शेडमध्ये जाऊन वाचून दाखवलं. बायको म्हणाली, सात नाही, नऊ आठवडे. मी सात ठेवलेत, कारण तेव्हा तिनं सातच सांगितले होते. थांबारावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “ते ‘बाईंचा दोष नाही’ असू द्या. खोडू नका.”

खोडलं नाही. पण या रविवारी भाचा जेवायला यायचा आहे, आणि त्याच्या हातात हा कागद ठेवायचं मी ठरवलंय. त्यानं वाचावं म्हणून हे वाक्य स्वच्छ अक्षरात शेवटी लिहिते: दोष माझा होता. थांबारावांनी तो उचलला, म्हणून तुझी आई तिच्या घरी आहे.