टँटी इस्मेने माइंड केलेली मुलगी

आमच्या कास्तारा गावात एखादं पोर दगड मारताना किंवा उलट बोलताना दिसलं, की मोठी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. विचारतात, "तुला कोण माइंड करतं रे?" म्हणजे तुला वाढवतंय कोण, कुणाच्या हाताखाली तू असा झालास. तसा हा शब्द आम्ही कुठेही वापरतो. कोंबड्या माइंड करायच्या, भट्टी माइंड करायची, म्हाताऱ्या आईबापांना माइंड करायचं, पायरी निसरडी असेल तर "माइंड!" म्हणून ओरडायचं. पण पोराच्या बाबतीत त्या शब्दाला वजन आहे. पोराला जन्म कुणी दिला हे गाव विसरतं. माइंड कुणी केलं हे विसरत नाही.

माझी नेरिसा चार वर्षांची असताना आम्ही किनाऱ्यावर मासे घ्यायला गेलो होतो. तिने वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय दिला.

"ए पोरी! तुला कोण माइंड करतं गं?" जाळ्याचे मालक मिस्टर ऑगस्टिन ओरडले.

"टँटी इस्मे," नेरिसा म्हणाली. माझं बोट धरून म्हणाली.

मिस्टर ऑगस्टिन एकदम मऊ झाले. "असं होय! मग काळजी नाही. टीचर, नशीब काढलंत हं तुम्ही."

त्या दिवशी कालवणात मी मीठ दोनदा घातलं.

टँटी म्हणजे मावशी, सगळं गावच तिला तसं म्हणायचं. ती आमच्या शेजारी राहायची आणि अंगणातल्या मातीच्या भट्टीत पाव भाजून विकायची. उंच, काटक बाई. तोंडात पाइप. लग्न केलं नाही, पोटचं पोर नाही. पण ज्यांच्या आया त्रिनिदादला नाहीतर न्यूयॉर्कला कामाला गेल्या, अशी किती तरी पोरं तिच्या अंगणात मोठी झाली. गावातल्या ज्या नवऱ्यावर तिचा राग असेल त्याचं नाव ती आपल्या कोंबड्याला द्यायची, आणि रविवारी हाका मारमारून त्याची मान पिरगळायची. पत्ते खेळताना लबाडी करायची. चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत बेसूर गायची. माझ्या मुलीला या सगळ्याचंच वेड होतं.

मी स्कारबरो शहरातल्या शाळेत शिकवते. नवरा त्रिनिदादच्या बोटीवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी. सकाळी अंधारात गाडी पकडायची तर नेरिसाला दुसरीकडे ठेवणार कुठे? संध्याकाळी न्यायला जावं तर ती कमरेवर हात ठेवून, अगदी टँटीसारखा घसा खाकरून म्हणायची, "आलीस का? थांब जरा, पाव निघायचेत." मी शहरातून महागाची बाहुली आणली, तिने तिचं नाव इस्मे ठेवलं. सुट्टीत मी स्वतः नारळाचं दूध घालून कलालू केला, आमचं पालेभाजीचं दाट कालवण. तिने एक चमचा खाल्ला आणि शहाण्यासारखी म्हणाली, "चांगला आहे मम्मी. पण खरा कलालू टँटीचाच असतो."

एकदा मी टँटीला बोलले, "तुम्ही तिचे फार लाड करता, टँटी."

"मी? काल तर चांगला धपाटा घातला तिला. तू कधी घालतेस? नाहीच. म्हणून तर ती तुझ्याशी पाहुणीसारखी वागते."

त्याच आठवड्यात स्कारबरोच्या एका बालवाडीत नेरिसाचं नाव घातलं. सप्टेंबरपासून ती माझ्याबरोबर जाणार, माझ्याबरोबर येणार. टँटीला हे सांगायला मी मुद्दाम दुपारी गेले, सगळ्या बायका पाव न्यायला जमलेल्या असताना. तिने भट्टीतली राख ओढता ओढता ऐकलं. "बरं," म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला आवडलं असतं.

पण सप्टेंबरपर्यंत वेळ आलीच नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी टँटी भट्टीजवळच कोसळली आणि गेली. सगळं गाव रडलं. मीही रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात चरफड होती. जिवंत बाईकडून पोर हळूहळू परत मिळवता येतं. मेलेल्या बाईकडून कसं मिळवायचं?

दुसऱ्या दिवशी तिची बहीण, मिस ऑर्लीन, माझ्या दारात आली. "टीचर, उद्या नेरिसाला पांढरा फ्रॉक घाला. पेटीवरून द्यायचीय."

मेलेल्याचा जीव ज्या लहान पोरात अडकलेला असतो, त्याला आमच्याकडे उघड्या शवपेटीवरून या हातातून त्या हातात देतात. नाही दिलं तर मेलेलं माणूस पोरासाठी परत येतं, आणि पोर झुरायला लागतं. पण हे घरच्या पोरांचं करतात.

"ती तुमच्या घरातली नाही," मी म्हणाले.

"इस्मेने माइंड केली ना?"

"दिवसा सांभाळली. आई मी आहे."

"अहो, आई आहातच! कोण नाही म्हणतंय? पण इस्मे आईकडे थोडीच येणार आहे? पोरीकडे येणार."

"मिस ऑर्लीन, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"तुमचा नसू दे. इस्मेचा होता."

ती गेली, आणि माझं डोकं फिरायचंच बाकी राहिलं. पोरगी पेटीवरून गेली, तर भर गावासमोर ती इस्मेची ठरणार. नाही गेली आणि उद्या तिला नुसता ताप आला, तरी मी स्वतःला काय सांगणार? मी फ्रॉकला इस्त्री केली. मग तो परत कपाटात टाकला. मग परत काढला.

अंगणात पेटी ठेवली होती. आधी टँटीच्या भाच्याचं तान्हं दिलं, मग त्याच्या दोन मुली. मिस ऑर्लीन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून कुणाला माइंड केलं इस्मेने?"

मोठी झालेली पोरं मान खाली घालून उभी होती. लहान एकच होती. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं.

"मम्मी, मी नाही?" नेरिसाने विचारलं.

मी तिला उचललं आणि पेटीपाशी गेले. पलीकडून मिस ऑर्लीनने हात पुढे केले. मी दिली, तिने परत दिली, मी पुन्हा दिली. दर वेळी मिस ऑर्लीन पेटीत वाकून सांगत होती, "इस्मे, हिची आई स्वतःच्या हाताने देतेय. सोड आता पोरीला. आता आईच माइंड करेल हिला."

शेवटच्या वेळी नेरिसा परत येईना. मिस ऑर्लीनच्या गळ्याला तिने मिठी मारली. मिस ऑर्लीनच्या अंगाला टँटीच्याच घराचा, पिठाचा आणि धुराचा वास येत असणार.

"राहू दे टीचर, घटकाभर राहू दे," कुणीतरी म्हणालं.

मी नाही राहू दिली. तिची बोटं एकेक करून सोडवली आणि पेटीवरून तिला ओढून घेतली. हळुवारपणे नाही. ती किंचाळली, "टँटी!" मेलेलीला म्हणाली की जिवंत बहिणीला, मी विचारलं नाही.

दफनभूमी टेकडीवर आहे. आता पाच वर्षांचं झालेलं पोर चढणीवर कडेवर घेण्याजोगं नसतं. ती सगळा रस्ता रडत होती, माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. मिस्टर ऑगस्टिन म्हणाले, "द्या इकडे, टीचर." ऑर्लीनचा भाचा म्हणाला, "धापा टाकताय तुम्ही, मी घेतो." बायकाही म्हणाल्या.

मी कुणाला दिली नाही.