घालवणीचा काढा

माझ्या मावशीच्या नाकावर माशी बसत नसे. बसलीच, तर तिचा बेडूक व्हायचा. मावशी चेटकीण होती, आणि आई गेल्यापासून मी तिच्याकडेच वाढले, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नसे. पुढच्या खोलीत तिचं मलमांचं दुकान, मागच्या खोलीत आमची चूल आणि दोन खाटा. भाजलं, कापलं, कशात मन लागेनासं झालं, सगळ्यावर तिच्याकडे डबी होती.

मग शेजारचा गाळा एका राक्षसाने घेतला. तो कपडे इस्त्रीला घ्यायचा. इस्त्री मात्र दुकानात नव्हतीच. नुसता तळहात फिरवला की सदरा कडक. शिंगं टोपीखाली. लोकांना काय, घडी सरळ आली की झालं.

भांडण पेटलं ते मधल्या भिंतीवरून. त्याच्या धगीने भिंत तापायची आणि मावशीची मलमं थिजेनात. तिच्या चुलीचा धूर त्याच्या घड्यांत शिरायचा. एका वकिलाच्या कोटात असा काही शिरला की तो भर कोर्टात खरं बोलून बसला.

"बाई, माझं चांगलं गिऱ्हाईक तुटलं," राक्षस दारात येऊन म्हणाला.

"आधी भिंत गार करा, मग तोंड उघडा. आणि टोपी काढून बोलत जा. शिंगं आहेत हे काय मला माहीत नाही?"

"दिसली की तुम्ही आणखी भडकाल."

"मी भडकत नाही!" असं म्हणून तिने पळी अशी आपटली की कोपऱ्यातले बेडूक खाटेखाली पळाले.

त्याच दिवशी तिने घालवणीचा काढा चुलीवर चढवला. तो ज्याचं नाव घेऊन उंबऱ्यावर ओतावा, त्याला त्या घरात पुन्हा पाय ठेवता येत नाही. महिनाभर मंद आच लागते. आच मोडली की सगळं मुसळ केरात. आणि एकदा तयार झाला की तो मोरीत ओतता येत नाही. कोणाला तरी घराबाहेर काढल्याशिवाय भांडं सोडतच नाही.

मला राक्षसाची दया यायची. माणसांना छळायचं सोडून त्यांचे सदरे सरळ करतो म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला हाकलून दिलं होतं. त्या गाळ्याशिवाय त्याला जागा नव्हती. हे मी मावशीला सांगितलं तर म्हणाली, "तू त्याची वकील आहेस का?" पण त्या दिवशी काढा ढवळताना तिचा हात जरा अडखळला, ते मी पाहिलं.

काढा होत आला आणि मावशीच तापाने फणफणली. मी डॉक्टरांकडे धावले आणि त्या गडबडीत लाकडं घालायची राहून गेली. परत आले तर चूल विझलेली, आणि राक्षस आमच्या चुलीपुढे मांडी घालून बसलेला. दोन्ही तळहात त्या भांड्याला लावून. काढा मंद उकळत होता.

"धूर थांबला म्हणून बघायला आलो," तो ओशाळून म्हणाला.

मावशी पांघरूण गुंडाळून खाटेवर उठून बसली. "हा कशाचा काढा आहे, कळतं का तुम्हाला?"

"वासावरून पहिल्याच दिवशी कळलं."

"मग तो जपत कशाला बसलात?"

"मलमं बिघडली की तुम्ही रडता. भिंतीतून ऐकू येतं. एवढी मेहनत वाया गेली असती तर काय झालं असतं? जायचं तर जाईन मी, पण ते ऐकवत नाही."

मावशीच्या डोळ्यांत मी तोवर कधी पाणी पाहिलं नव्हतं. "डोळ्यांत धूर गेला," ती म्हणाली. चूल तर विझलेली होती.

ताप उतरला, काढा तयार झाला. राक्षसाने लोकांचे कपडे ज्याचे त्याला पोचते केले आणि ट्रंक घेऊन आपल्या दाराबाहेर उभा राहिला, पहिल्यांदाच टोपी काढून. मावशी भांडं घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "मावशी, नको ना." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आमच्याच दारापाशी थांबली, वळली, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं आणि सगळा काढा आमच्या उंबऱ्यावर ओतला.

"दुकान आता तुझं," ती मला म्हणाली. "किल्ली खुंटीवर आहे." मग राक्षसाकडे वळली. "मला आता घर नाही. तुमच्याकडे जागा आहे का?"

त्याची शिंगं टोकापर्यंत लाल झाली. त्याने ट्रंक उचलून आत ठेवली आणि दार उघडं धरलं.

"धूर होईल," मावशी म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. "वकील तसाही गेलाच आहे."