शालूबाईनं फाटकाला वाघर बांधली

पुसेगावात विजयकुमारची मोठी गाडी आली त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि ते थंड करायची मला काही घाई नाही.

गाडी जुनीच, पण सात सीटची. बोनेट माणसाच्या छातीला लागेल इतकं उंच. त्यात पठ्ठ्यानं पुढं लोखंडी गार्ड ठोकून घेतलं. त्याला कायद्यानं बंदी आहे, असं मी तोंडावर सांगितलं. तर म्हणाला, "काका, एखादं जनावर आडवं आलं तर गाडीला काही व्हायला नको." जनावराचं काय होईल, माणसाचं काय होईल, ते त्याच्या डोक्यातच नाही. आणि हा मेंढरं राखणाऱ्या बाईचा लेक.

ती बाई म्हणजे शालूबाई. नवरा ग्यानबा गेल्यावर कळप तिनंच सांभाळला. तोंडात मिसरी, हातात काठी, आणि निम्मं आयुष्य डांबरी रस्त्याच्या कडेनं. मागून गाडी आली की काठी आडवी धरून ती सगळी मेंढरं एका अंगाला दाबते. "ट्रकवाला शिव्या देतो पण थांबतो," ती सांगते. "हे उंच गाडीवाले थांबतच न्हाईत. खाली बघायची सवयच न्हाई त्याह्यला." तिचा एक नेम आहे. कळपातलं सगळ्यात लहान कोकरू डोळ्यानं दिसल्याशिवाय ती कळप जागचा हलवत नाही. कितीही उशीर होवो.

खोटं कशाला सांगू, गाडी तिलाही आवडली होती. पुढच्या सीटवर बसून वसमतच्या बाजाराला जाऊन आली. "राजावानी वाटतंय भाऊ, सगळं रान दिसतंय," असं मलाच म्हणाली, आणि मी चिडलो. पण पंपावर गाडी पुन्हा थांबली तेव्हा तिनंही लेकाला छेडलं.

"परवाच तर पाजलं हिला."

"मोठी गाडी हाय आई. पिणारच."

"मंग काम तरी मोठं करावं तिनं."

काम कुठलं? विजयकुमार एकटाच गाडी काढून कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर चहाला जातो. दोन टन लोखंड तिथवर हलतं, कशासाठी, तर एका माणसाच्या कपभर चहासाठी. रुंद टायर टाकल्यापासून तर ती आणखीनच डिझेल ढोसते.

मग ती सकाळ आली. शालूबाईला बहिणीकडं जायचं होतं. गाडी अंगणात, दाराला तोंड करून उभी. विजयकुमारनं इंजिन चालू केलं. शालूबाई शेजारी बसली आणि सवयीनं म्हणाली, "थांब. पुनी कुठं हाय?"

पुनम तिची तीन वर्षांची नात, विजयकुमारची लेक.

"असंल घरात. गाडी जराशी पुढं घेऊन वळवतो."

"मला दिसली न्हाई. हलवू नको."

"आई, समोर कोणीच न्हाई. बघ की."

समोर खरंच कोणी दिसत नव्हतं. वरून दिसत होतं ते घराचं दार आणि पत्रे. शालूबाई खाली उतरली, पुढं गेली. पुनी गार्डाला चिकटून बसली होती. गाडीला नजर लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू-मिरची सोडवत होती.

विजयकुमारनं इंजिन बंद केलं, खाली उतरून लेकीला उचललं. आणि वर म्हणतो कसा, "पुढं कॅमेरा बसवून घेतो."

"आपलं लेकरू बघायला तुला डबी पाहिजे व्हय?" शालूबाई म्हणाली. "गाडी भाईर काढ. आता ती अंगणात यायची न्हाई."

"भाईर कोणी ओरखडे मारतील."

"मारू दे. तिला आय न्हाई रडायला."

गाडी बाहेर निघाली तशी तिनं माळ्यावरून वाघर काढली. मेंढरं कोंडायची ती जाळी तिनं फाटकाला आडवी बांधली, गाठी मारमारून. बहीण त्या दिवशी वाट बघत राहिली.

शेजारचा भीमराज कुंपणावरून हसला. "वयनी, गाडीला मेंढरू समजल्या का काय?"

"मेंढरू असतं तर माझं ऐकलं असतं."

संध्याकाळी विजयकुमारनं फाटकाशी येऊन हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. पुनीला मांडीवर घेऊन शालूबाई ओट्यावर बसून राहिली. "वाजव," म्हणाली. "मेंढरं सरकतात हॉर्नला." शेवटी तो गाडी रस्त्यावर लावून वाघरीखालून वाकून घरात आला. ताट ओढून जेवायला बसला.

आता पुनी अंगणात खेळते. गाडी मात्र अर्धा रस्ता अडवून उभी असते, आणि शाळेची पोरं तिला वळसा घालून भर रस्त्यातून जातात. गार्ड अजून तसंच आहे. मी रोज सांगतो, विजयकुमार रोज हो म्हणतो. मागं एकदा माझा आवाज चढला तेव्हा शालूबाई मलाच म्हणाली, "भाऊ, नुसतं वरडून व्हईना. काठी घेऊन या."

तेव्हापासून शाळेच्या वेळेला आम्ही दोघं तिथं उभे असतो. विजयकुमार गाडीत बसायला निघाला की शालूबाई गाडीच्या दारावर काठी आडवी धरते. तो माझ्याकडं रागानं बघतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, गार्डापुढं वाकून बघतो. मग ती काठी खाली घेते.