दादाचं कार्पेट आणि माझं मशीन

डहाणूत, समुद्राच्या इतक्या जवळ, घरभर कार्पेट घालणारा माणूस माझ्या माहितीत एकच. माझा भाऊ. दादा तरुणपणी आखातात गेला आणि कार्पेट बसवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागला. हॉटेलं, ऑफिसं, श्रीमंतांचे बंगले. पुढे गावी घर बांधलं तेव्हा त्याने कुणाचं ऐकलं नाही. खाली दिवाणखाना आणि एक खोली, वर झोपायच्या खोल्या, इतकंच काय जिनासुद्धा, सगळीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत करडं कार्पेट. गवंड्याने सांगितलं, सुताराने सांगितलं, इथली हवा खारी आहे, पावसाळ्यात भिंतींना घाम सुटतो, हे टिकायचं नाही. दादा सुट्टी काढून आला आणि स्वतः गुडघ्यांवर बसून त्याने खोलीमागून खोली पुरी केली. सुटलं ते फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे येणारी माणसं चपला हातात घेऊन दारात उभी राहायची, आत यायला घाबरायची.

टिकलं ते वहिनीमुळे. दादाने तिच्यासाठी तिकडून पिंपासारखा एक व्हॅक्युम क्लीनर आणला होता. वहिनी तो रोज घरभर ओढायची. पावसाळ्यात खोल्यांतून पंखे लावून ठेवायची. मी तलासरीच्या शाळेत शिकवायचे, संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा घराला धूप आणि गरम मोटर असा एक मिश्र वास असायचा. मी लग्न केलं नाही. त्याला कारणं होती, आता ती कुणी विचारत नाही.

भाची शिकली, लग्न करून मेलबर्नला गेली, तिला छोटी झाली. वहिनी गेली. त्यानंतर दादा मुलीकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "घराला कुणीतरी हवं गं." मला कुणी हवं का, हे त्याच्या मनात आलं नसावं. माझ्याही तेव्हा आलं नव्हतं.

दर हिवाळ्यात ते यायचे. एका हिवाळ्यात जमलं नाही. दरम्यान पिंपासारखं ते मशीन एक दिवस धूर सोडून बंद पडलं आणि मी कडक केरसुणीने कार्पेट झाडू लागले. झाडलं की धूळ वर उठायची, खिडकीतल्या उन्हात तरंगायची आणि मी पाठ फिरवली की परत खाली बसायची. मला एकटीला ते चालत होतं.

पुढच्या दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. "आत्या, आम्ही येतोय, मी, बाबा आणि छोटी. ह्यांना सुट्टी नाही. पण ऐक ना, या वेळी आम्ही किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये राहतो. छोटीला दमा निघालाय. डॉक्टर म्हणाले, कार्पेट असलेल्या घरात झोपवू नका. दिवसा येऊ की आम्ही तुझ्याकडे."

"बरं," मी म्हटलं.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट कसलं त्यात."

फोन ठेवला आणि मी गच्चीवर गेले. या हिवाळ्यात तरी येतील म्हणून त्यांच्यासाठीच्या गाद्या आदल्या दिवसापासून उन्हात घातल्या होत्या. त्या उलटवल्या आणि तिथेच बसून राहिले. रिसॉर्ट आमच्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही. तेवढ्या अंतराचं मला जितकं वाटलं तितकं मेलबर्नचं कधी वाटलं नव्हतं. उठले तेव्हा एवढंच ठरवलं होतं की असं मशीन आणायचं, की डॉक्टरने येऊन बघितलं तरी त्याला बोलायला जागा राहू नये.

स्टेशनाजवळच्या दुकानात पंखे, मिक्सर, गिझर सगळं होतं. दुकानदार म्हणाला, "बेन, व्हॅक्युम आपल्याकडे दिवाळीला एखाद-दुसरा पीस येतो. सोफ्याला चालतो, गाडीला चालतो. तुम्हाला कशाला पायजे?"

"कार्पेटला. सगळ्या घराला आहे."

"डहाणूत?"

"डहाणूत."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वापीला जा."

जाण्याआधी मी माळ्यावर चढले. दादाने उरलेल्या कार्पेटचे तुकडे गुंडाळून ठेवले होते, त्यातला एक घेतला. अंगणातली चिमूटभर बारीक वाळूही पुडीत बांधून घेतली. सुरूच्या झाडांखालून वाऱ्याबरोबर येते ती हीच. आमच्या घरात धुळीपेक्षा वाळू जास्त, आणि ती वरवर राहत नाही, मुळाशी जाऊन बसते.

चारोटीला बस बदलली. तलासरीला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीशी सरकून बसले. इतकी वर्षं याच थांब्यावर उतरले होते, वाटलं कुणीतरी ओळखीचं चढेल, "बाई, इकडे कुठे?" म्हणेल. माणसं चढली, कोंबड्यांची पाटी चढली. ओळखीचं कुणी नव्हतं.

वापीच्या शोरूममध्ये एक तिशीतली विक्रेती होती. मराठी, गुजराती, हिंदी सगळं एका वाक्यात बोलणारी. तिने एका पातळशा चटईवर पांढरी पावडर टाकली आणि एका फटक्यात उचलून दाखवली. मी पिशवीतून माझा तुकडा आणि पुडी काढली.

"मॅडम, हे काय?"

"हे आमचं कार्पेट. ही आमची वाळू."

मी वाळू टाकली आणि तळव्याने आत चोळली. ती हसली नाही. माझ्याबरोबर खाली बसली आणि म्हणाली, "चला, बघूया."

पहिलं मशीन वरून छान फिरलं. मी तुकडा उलटा दुमडला, तर धाग्यांच्या मुळाशी वाळू चमकत होती. दुसरी ती गोल चकती, आपोआप फिरणारी. जुनं मशीन बंद पडलं तेव्हा भाचीने फोनवर हीच सुचवली होती. ती तुकड्याच्या कडेपर्यंत आली आणि विचारात पडल्यासारखी थांबली. "जिना चढते?" मी विचारलं. "जिना नाही चढणार, मॅडम." तिसरं उभं, दांड्याला धरून ढकलायचं, खाली फिरता ब्रश. त्याने वाळू मुळासकट काढली. पण ते मला एका हाताने उचलेना. शिवाय तिने त्याचा डबा कचऱ्यात रिकामा केला तेव्हा धुळीचा एक ढग उठला आणि मला ठसका लागला.

"हे नको," मी म्हटलं. "घरात दम्याचं मूल आहे."

"तसं आधी सांगायचं ना," ती म्हणाली आणि आतून एक काढून आणलं. चाकांवरचं बुटकं मशीन, लांब पाईप, पुढे स्वतःच्या मोटरवर फिरणारा ब्रश. आत कापडासारखी बंद पिशवी. "पिशवी भरली की तोंड मिटतं. तशीच काढून टाकायची. मागे हा फिल्टर, बारीक धूळपण बाहेर सोडत नाही. फक्त पिशव्या इथूनच न्यायला लागतील, डहाणूत नाही मिळणार."

वाळू पुन्हा चोळली, मशीन फिरवलं, तुकडा दुमडला. मुळं स्वच्छ. मी ते उचलून शोरूमच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून पाहिल्या. हाताला झेपलं. गिऱ्हाइकं बघत राहिली, बघू देत.

"घरात माणसं किती, मॅडम?" तिने विचारलं.

"चौघं," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे. मोठ्या फॅमिलीला हेच पायजे."

चौघं. मी, दादा, भाची, छोटी. परतताना बसमध्ये तो शब्द मनात घोळत होता. खोका शेजारच्या सीटवर ठेवला होता. तलासरीला चढलेल्या एका बाईने विचारलं, "टीव्ही का?"

"नाही, झाडू."

"एवढा मोठा?"

"घर मोठं आहे," मी म्हटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला चांगलं आठवतं, कारण इतकं काम मी निवृत्त झाल्यापासून केलं नव्हतं. ब्रश फिरू लागला की पाईपमधून वाळू सळसळत वर जायची, कढईत रवा पडावा तशी. पहिली पिशवी एका खोलीतच भरली. मी पलंग सरकवले, कपाटांच्या मागे शिरले, जिन्याची एकेक पायरी छोट्या ब्रशने काढली. कार्पेटचा मूळ रंग नुसता करडा नसून त्यात निळसर झाक आहे हे मी विसरलेच होते. स्वच्छ झालेल्या खोलीचा फोटो भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "वा आत्या, किती मस्त!" रिसॉर्टबद्दल काही नव्हतं. मीही विचारलं नाही.

ते आले. छोटीने दारात बूट काढले, एक पाय कार्पेटवर ठेवला, मग दुसरा, आणि थेट जिन्याने वर पळाली. भाची तिच्या मागे "हळू, हळू" करत. दादा दिवाणखान्याच्या मध्यावर उभा राहिला. म्हातारा दिसत होता. म्हणाला, "चांगलं ठेवलंयस गं."

दुपार छान गेली. मी पापलेटचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या. जेवण झाल्यावर छोटी वरच्या खोलीत माझ्याशेजारी पालथी पडून चित्रं काढत होती. भाची दारातून बघून खाली निघून गेली. मला वाटलं, जमलं. चहाच्या वेळी छोटीच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. भाचीने पर्समधून पंप काढून तिला दिला आणि सामान आवरायला लागली.

"तुझी चूक नाही आत्या."

"माहीत आहे मला. तू तिला बघ."

दादाही त्यांच्याबरोबर गेला. त्याच्या औषधांची पेटी रिसॉर्टवर होती. रात्रीसाठी केलेल्या भाकऱ्या मी फडक्यात गुंडाळल्या, कालवण फ्रिजमध्ये ठेवलं आणि दिवाणखान्यात बसले. मशीन जिन्याखाली उभं होतं. त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. त्याने त्याचं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एकटाच रिक्षाने आला. आल्या आल्या म्हणाला, "माझी हत्यारांची पिशवी कुठे आहे?"

मी माळ्यावरून काढून दिली. तो वरच्या पूर्वेकडच्या खोलीत गेला, कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला आणि वाकड्या पात्याच्या सुरीने भिंतीलगत कार्पेट कापायला लागला.

"दादा, काय करतोस?"

"तुझं मशीन चांगलं आहे. कार्पेट म्हातारं झालंय. वर कितीही स्वच्छ केलंस तरी खालचं अस्तर कुजलंय, ते नाही निघायचं. एक खोली मोकळी करू. पोर तिथे झोपेल."

हात अजून सराईत होता. पण गुडघे नव्हते. असं भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट गुडघ्याने अवजार ठोकून ताणायचं असतं, त्यात ते कामातून गेले होते. अर्ध्या खोलीपर्यंत गेल्यावर त्याला उठता येईना. मी काखेत हात घालून त्याला उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि उरलेलं तो सांगेल तसं मी कापलं. दोघांनी मिळून गुंडाळी केली. खाली कोबा निघाला, डिंकाचे पिवळे डाग पडलेला.

"तुला सगळे नको म्हणत होते तरी का घातलंस रे हे?" मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

तो कोब्याकडे बघत म्हणाला, "तिकडे दिवसभर लोकांच्या घरात कार्पेट घालायचो आणि कॅम्पात येऊन उघड्या लादीवर झोपायचो. एका खोलीत पुष्कळ माणसं. तेव्हा ठरवलं होतं, माझ्या घरात कुणाचा पाय जमिनीला लागणार नाही." मग म्हणाला, "राहिलो किती मी इथे? सगळं धरून सुट्ट्यांपुरता."

मी कडेचे धागे गोळा करत होते.

"सगळंच काढून टाकू का?" त्याने विचारलं. "माणसं लावतो. जाण्याआधी लाद्या बसवून जातो. एकटी एवढं कशाला ओढत बसतेस?"

मी विचार न करता "नको" म्हटलं. त्याने कारण विचारलं. मी गोळा केलेले धागे पिशवीत टाकले. मग म्हटलं, "कार्पेटवर आवाज येत नाही. माझी मी चालते ते मला ऐकू येत नाही. या खोलीसारखं सगळं घर झालं तर दिवसभर तेवढंच ऐकायचं मी."

दादाने मान खाली घातली. माझ्याकडून चहा मागून घेतला आणि कोब्यावर हात फिरवत राहिला. मला वाटतं, तिथे त्याला पहिल्यांदा कळलं. मला दुःख झालं नाही. कुणालातरी कळलं, एवढंच वाटलं.

कोबा मी दोनदा धुतला. खोली वाळली, खिडक्या उघड्या ठेवल्या, बाकी घरातून मशीन फिरवलं, आणि भाची छोटीला घेऊन राहायला आली. घाबरतच. पहिल्या रात्री ती सारखी उठून मुलीच्या छातीला कान लावत होती म्हणे. शिट्टी आली नाही. सुट्टी संपेपर्यंत ते सगळे घरातच राहिले. छोटी बाकीच्या खोल्यांत फार थांबायची नाही, जिन्यावरून मात्र पळायची, आणि त्या मोकळ्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज अख्ख्या घराला ऐकू यायचा.

मग ते गेले. चादरी धुतल्या, भांडी वर ठेवली. मोकळ्या खोलीचं दार मी बरेच दिवस लावून ठेवलं होतं. आता उघडं असतं. तिथे केरसुणी पुरते.

बाकीच्या घरातून मी गुरुवारी मशीन फिरवते. मागच्या महिन्यात एकदा नेमकं मशीन चालू असताना दादाचा फोन आला. हात गुंतलेला, म्हणून स्पीकरवर लावून फोन पायरीवर ठेवला.

"कुठली खोली चाललीय?" तो ओरडून म्हणाला.

"जिना. थांब, बंद करते."

"नको. चालू दे. तुझं तू कर."

मी वरून खाली एकेक पायरी काढत आले. तो काही बोलला नाही, मीही नाही. शेवटच्या पायरीला मशीन बंद केलं तेव्हा फोन अजून चालू होता. पलीकडे त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"बरं. मग पुढच्या गुरुवारी याच वेळेला फोन करतो," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी पाईप गुंडाळला. घर एकदम शांत झालं. खिडक्या लावायला मी वर गेले.