कातरवेळेचा इंग्रजी शब्द

"पुन्हा म्हणा ना बाई. प्लीज. एकदाच."

सर टेबलावर बोटांनी ताल धरून थांबले होते. सगळं ऑफिस खुर्च्या वळवून माझ्याकडे बघत होतं.

मी म्हटलं. "क्रेपुस्कुलार."

हशा पिकला. एक जण तर डोळे पुसत होता.

"अहो, क्रिपस्क्युलर! कोट्यातून मिळाला वाटतं शब्द." सर म्हणाले. पुन्हा हशा. आणि त्यात मीही हसले. तेच आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमचं ऑफिस लोअर परळला. मोठ्या हॉटेलांत, बंगल्यांत कुठे कसा उजेड पाडायचा ते ठरवतं. मी दिवेवाल्यांना फोन करते, माल वेळेवर आणवते. त्या दिवशी टेबलावर एका बागेचं चित्र होतं, तिन्हीसांजेच्या उजेडातलं. माझ्या तोंडून शब्द निसटला.

शब्द जुन्या डिक्शनरीतला. संध्याकाळी चहाबरोबर कुणी खारी खातं, मी एक शब्द खाते. वयाच्या पन्नाशीत आणखी काय शौक करणार! खाली मूळ दिलेलं : लॅटिन, क्रेपुस्कुलुम, म्हणजे संधिप्रकाश. त्या वेळी बाहेर पडणाऱ्या प्राण्यांनाही हाच शब्द. म्हटलं, ही तर आपली कातरवेळ! लाडू मिळाल्यासारखी मी घरभर फिरले. नवऱ्याची रात्रपाळी, तो तेव्हाच उठत होता. म्हणाला, "म्हणजे मीच की गं तो प्राणी."

पण शब्द डोळ्यांनी आला होता, कानांनी नाही. परळच्या आमच्या चाळीत तो उच्चारून दाखवणार कोण? सर शिवाजी पार्कातले. त्यांच्याकडे असले शब्द जेवणाच्या टेबलावर वाढले जात असणार.

त्यानंतर भीती बसली. बोलण्याआधी वाक्य मनात तपासायचं. अवघड शब्द काढून टाकायचा. मग सोपाही काढायचा. शेवटी उरलं "ओके सर". फोनवर दिवेवाल्याशी बोलतानाही मागे कोण उभं आहे ते बघायचे. डिक्शनरी कपाटावर गेली. कातर म्हणजे भ्यालेली. तशी झाले मी, सकाळ-संध्याकाळ.

एक दिवस लेक आरशासमोर उभी राहून कॉलेजच्या मुलाखतीची तयारी करत होती. इंग्रजीत, झोकात. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "एवढे मोठे शब्द कशाला? हसतील तुला!"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मग अगदी हळू म्हणाली, "कोण हसतील, आई?"

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या तोंडून सर बोलले होते. माझ्याच घरात, माझ्याच पोरीला.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले होते, मोठं काम देणारे. सरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, दिव्यांचे भाव विचारतील.

"ह्या आमच्या विदुषी. बाई, तो शब्द म्हणून दाखवा. मजा येते."

डोक्यात एकच : नोकरी गेली तर पोरीच्या कॉलेजचं काय?

"नाही म्हणणार."

"अहो, गंमत आहे."

"तुमची आहे, सर. तुमच्या हसण्यासाठी नाही म्हणणार."

आवाज चिरकला. शूरबिर काही दिसले नसेन मी, मांजर पाण्यात पडल्यासारखी दिसले असेन. पण त्यानंतर विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी जागेवर येऊन दिवेवाल्याला फोन लावला. सर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला मीटिंगला बोलावणंही बंद झालंय.

उद्या मीटिंग आहे. मी जाणार. खुर्ची ओढून बसणार. बोलायचं असेल ते बोलणार, चुकलं तर चुकलेलं बोलणार. बाहेर काढायचं असेल तर त्यांनी तसं तोंडाने सांगावं, सगळ्यांसमोर. मी आपण होऊन उठणार नाही.