दसऱ्याच्या पाटावरची केबल

शिरूर ठाण्यातली ती केस अजून माझ्या मनातून जात नाही. पेनड्राइव्ह अजून खिशाखिशांत पोहोचले नव्हते, तेव्हाची गोष्ट.

एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने फिर्याद दिली की त्याच्या यंत्रभागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरमधून चोरीला गेली. संशय ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीवर, कारण पासवर्ड तिच्याकडे. धनगराच्या घरातली पहिली नोकरदार पोर. मालकाने सगळ्या कामगारांदेखत तिला चोर म्हणून घरी पाठवले होते. ती वडिलांना घेऊन ठाण्यात आली ती ताठ मानेने.

"पासवर्ड अजून कुणाला दिला?" मी विचारले.

"दुरुस्तीवाल्याला. मालकच म्हनले, त्याला मशीन उघडून दे."

दुरुस्तीवाला दौंडचा. त्याच सुमारास वरवंडच्या आमच्या खबऱ्याने सांगितले की दौंडच्या एका वर्कशॉपमध्ये हुबेहूब तेच भाग बनू लागलेत. मी दुरुस्तीवाल्याला चौकशीला बोलावले.

गडी मुरलेला होता. "मी फक्त धूळ झाडली, साहेब." ड्रॉइंगच्या फाइली फ्लॉपीत मावणाऱ्या नव्हत्या आणि त्या मशीनला सीडी रायटर नव्हता. मग नेल्या कशा? आमच्या ठाण्यातल्या हवालदाराने सांगितले, मधे छोटी डबी असलेली यूएसबी केबल मिळते. एक टोक या कॉम्प्युटरला, दुसरे लॅपटॉपला लावले की फाइली सरळ पलीकडे जातात.

मी केबलचे विचारताच दुरुस्तीवाला म्हणाला, "तसली केबल मी जन्मात पाहिली नाही."

इथे माझे कान टवकारले. "आहे, पण वापरली नाही," असे म्हणाला असता तर मी अडलो असतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस असली केबल पाहिलीच नाही म्हणतो! घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त नाकारतो.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातल्या बंदुकांची पूजा उरकली आणि दौंड ठाण्यात नोंद करून, पंच आणि दुकानावर गाठलेल्या दुरुस्तीवाल्याला सोबत घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडले. देवापुढे पाट मांडलेला. त्यावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, झेंडूची फुले आणि एक केबल. मधे डबी, दोन्ही टोकांना कुंकू.

"मावशी, ही कुणाची?"

"लेकाचीच की, सायेब. पोट चालतंय त्याच्यावर. दरसाल त्यो सोताच पूजतो, आज सकाळीबी त्यानंच मांडली."

"आई, गप की!" तो मागून ओरडला.

मी केबल उचलायला वाकलो, तर म्हातारीने हात धरला. "हत्यार आज हलवू न्हाई, सायेब. थांबा." तिने अक्षता वाहिल्या, उत्तरपूजा झाली म्हणून पाट जरा हलवला आणि केबल स्वतःच माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटले, पण पंचनामा थांबवला नाही. घरातल्या त्याच्या लॅपटॉपमध्ये सगळी ड्रॉइंग निघाली आणि त्याने गुन्हा कबूल केला.

त्या केसने मला शिकवले की माणूस पोलिसांशी बिनदिक्कत खोटे बोलतो, पण ज्यावर भाकरी मिळते त्या वस्तूला सणाच्या दिवशी नाकारणे त्याला जमत नाही. तेव्हापासून झडती घेताना मी कपाटाआधी देवघर पाहायचो.

मालक ठाण्यात येऊन, जबाबासाठी आलेल्या त्या मुलीला हळूच म्हणाला, "झालं गेलं विसर. उद्यापासून ये कामाला."

ती जागची हलली नाही. "चोर म्हनला तवा सगळी हुती. आता बी सगळ्यांम्होरं बोला, मंग येते."

मी जीप काढायला सांगितली. मालकाला पुढे, तिला मागे बसवले आणि वर्कशॉपवर पोहोचताच तिथली मशिने बंद करायला लावली, म्हणजे त्याचे बोलणे शेवटच्या कामगारापर्यंत नीट ऐकू जावे.